जंतमुक्त गल्ली

माझ्याकडे लोक लेंड्या घेऊन येतात. बहुतेक शेळ्यांच्या, कधी मेंढ्यांच्या. प्लास्टिकच्या पिशवीत आणतात, काडेपेटीत आणतात. एकदा एका पाहुण्यांनी मिठाईच्या खोक्यात आणल्या आणि आमच्या कंपाउंडरनं ते खोकं कौतुकानं चहाच्या टेबलावर ठेवलं. वारूळवाडीत जनावरांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक, एक वजनकाटा, मिठाचं पोतं आणि मी, एवढीच आमची प्रयोगशाळा. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शेळ्यांच्या पोटात काय चाललंय, ते मी सांगते. मला पाहायला आलेल्या एका मुलाच्या आईनं विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय बघतेस तू?" मी खरं उत्तर दिलं. पोहे तसेच राहिले. घरच्या गोष्टींबद्दल इथं यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

मी बोलण्यात कच्ची आहे. चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की घसा कोरडा पडतो, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे नेमका मराठी शब्द उशिरा सापडतो. लिहिताना तेवढा वेळ मिळतो, म्हणून लिहिते आहे. आणि दुसरं कारण म्हणजे मला राग आलेला आहे. तो अजून उतरलेला नाही.

आधी काम सांगते. शेळीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात सुतासारखा बारीक जंत राहतो आणि रक्त पितो. त्याची मादी रोज हजारो अंडी घालते. अंडी लेंड्यांतून गवतावर पडतात, ओल मिळाली की अळ्या होतात, गवताबरोबर दुसऱ्या शेळीच्या पोटात जातात. शेळीत असे जंत फार झाले की तिच्या जबड्याखाली पाणी उतरतं, चालताना ती मागं राहते, आणि एक दिवस उठतच नाही. मी लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कालवते. अंडी हलकी असतात, वर तरंगतात. वरचा थेंब काचेवर घेऊन मोजायचं. औषध पाजायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. औषध लागू पडलं असेल तर दुसऱ्या वेळी काच रिकामी दिसते. काम इतकंच आहे.

शेळीचे डोळे पाहूनही पुष्कळ कळतं. खालची पापणी अंगठ्यानं ओढायची. आत लालबुंद असेल तर तिच्या अंगात रक्त आहे. फिकट असेल तर जंत पितायत. कागदासारखी पांढरी असेल तर घाई करायची.

नजमाचाची पहिल्यांदा आली ती बसनं, जुन्नरहून, मांडीवर पिशवी घेऊन. जुन्नरच्या कडेला, डोंगराकडच्या अंगाला एक गल्ली आहे. तिथं तिचं घर. सासरे भांड्यांना कल्हई करायचे. स्टील आलं, कल्हई गेली, आणि सासूनं पाळलेल्या शेळ्यांवर घर चालू लागलं. आता सलीमचाचा, म्हणजे तिचा नवरा, आणि ती मिळून शेळ्या बघतात.

"बेटा, तीन तीन बाटल्या झाल्या," ती म्हणाली. "लाल झाली, निळी झाली, आता ही सोनेरी. बकऱ्या तशाच. एक परवा बसली ती उठलीच न्हाई."

मी लेंड्या पाहिल्या. काचेवर अंडी मावत नव्हती.

"औषध कधी पाजलं होतं?"

"पाजून झालं की. म्हणून तर आले."

मी बाटल्या आणायला सांगितल्या. पुढच्या खेपेला तिनं तिन्ही रिकाम्या बाटल्या आणल्या. तीन कंपन्या, तीन रंग, एकीवर धावणारा बोकड, एकीवर सिंह. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, आत काय आहे ते छापलेलं. तिन्हींवर एकच नाव. तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं. इतकी वर्षं शिकलेलं इंग्रजी मला कुठे खरोखर उपयोगी पडलं असेल, तर त्या तीन बाटल्यांच्या पाठीवर.

बाटल्या देणारा संतोष योगायोगानं त्याच दिवशी आमच्या दवाखान्यात आला होता. औषधांचा एजंट, मोटारसायकलवरून दोन्ही तालुके पालथे घालतो, सगळ्यांना भाऊ म्हणतो. मी बाटल्या त्याच्यासमोर मांडल्या.

"अहो मॅडम, जंतांना सवय होती औषधाची," तो म्हणाला. "म्हणून आपण बाटली बदलून देतो. त्यांना फसवायचं."

"बाटली बदलली. औषध तेच आहे."

"पण जंतांना वाचता थोडंच येतंय," असं म्हणून तो हसला. कंपाउंडरही हसला. मी हसले नाही. चाचीकडे पाहिलं. ती बाटलीवरचा सिंह पाहत होती.

सवय हा शब्द मी त्या वर्षात किती जणांकडून ऐकला, सांगता येणार नाही. शेतकरी म्हणतात, दुकानदार म्हणतात, शिकलेले डॉक्टरही म्हणतात. आणि तो चुकीचा आहे. माणसाला तिखटाची सवय होते, तशी जंताला औषधाची होत नाही. ज्या जंताला औषध बाधतं तो मरतो. सवय व्हायला तो उरत नाही.

खरं काय होतं, ते मी त्या दिवशी चाचीला कागदावर टिंबं काढून सांगितलं. पोटातले हजारो जंत दिसायला एकसारखे असतात, पण एकसारखे नसतात. प्रत्येक वेळी अंडी तयार होताना, आईबापांकडून आलेली माहिती उतरवून घेताना, कुठे कुठे बारीक चुका होतात. कुणी मुद्दाम करत नाही, कशासाठी होत नाही, नुसत्या होतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी जंत मरतो. एखाद्या चुकीमुळे मात्र असं होतं की आपलं औषध त्याच्या अंगात जिथं चिकटायला हवं, तिथं चिकटत नाही. असा एखादा जंत औषध बाजारात यायच्या आधीपासूनही असू शकतो. तेव्हा त्याला त्याचा काही फायदा नव्हता. आपण औषध पाजलं की बाकीचे सगळे मरतात आणि तो उरतो. मग पुढची सगळी अंडी त्याच्यासारख्यांची.

"म्हणजे पाखडतो आपण," चाची म्हणाली. "सुपात फक्त टणक ठेवतो."

"हो."

"आन त्यालाच वाढवतो."

शाळेत उत्क्रांतीचा धडा होता. त्यात लांबच्या बेटांवरचे पक्षी होते आणि लांब मानेचा जिराफ. मला वाटायचं, हे सगळं लाखो वर्षांपूर्वी होऊन संपलं. एखाद्या गल्लीतल्या सहा घरांच्या शेळ्यांमध्ये ते चार-पाच पावसाळ्यांत घडतं आणि त्याला आपणच हातभार लावतो, हे त्या धड्यात नव्हतं.

मी त्या गल्लीत जाऊ लागले. सुट्टीच्या दिवशी, कुणी पाठवलं नसताना. तिथली पद्धत अशी: पावसाच्या तोंडावर सगळ्यांच्या शेळ्या वरच्या माळावर चरायला न्यायच्या, आणि नेण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून एकाच मोठ्या बाटलीतून सगळ्या शेळ्यांना औषध पाजायचं. एकही सोडायची नाही. चाचीच्या घराला लागून इंदूबाईंचं घर आहे, त्या या पाजणीच्या पुढारी. गल्लीतलं हे एक काम असं, की त्यात भांडण होत नाही. मला ते पाहून बरं वाटलं आणि भीतीही वाटली. कारण औषधानंतर पोटात उरतात ते फक्त न मरणारे जंत. ताज्या माळावर मग अंडी पडतात ती फक्त त्यांची. बाटली पुरवून पुरवून पाजल्यामुळे डोसही अर्धामुर्धा, त्यामुळे अर्धवट टणक असलेलेही वाचायचे. न मरणाऱ्यांना एवढी मोकळी जागा कुणी ठरवूनही दिली नसती.

मी इंदूबाईंना म्हटलं, "ज्यांचे डोळे लाल आहेत, त्या शेळ्यांना औषध देऊ नका. फिकट डोळ्यांच्यांना द्या, पूर्ण द्या."

"मंजी धडधाकट शेळीच्या पोटात जंत मुद्दाम ठेवायचं?"

"थोडे. ते साधे जंत आहेत, औषधानं मरणारे. ते माळावर राहिले तर टणक जंतांशी त्यांची जोडी लागते. मग सगळीच प्रजा टणक होत नाही."

इंदूबाईंनी आजूबाजूच्या बायांकडे पाहिलं. "आता जंतांची सोयरीक जमवायची राव आपुन. मानपान काय ठरलंय, मॅडम?"

सगळ्या हसल्या. चाचीसुद्धा हसली. मला उत्तर सुचलं ते बसमध्ये बसल्यावर.

पण चाचीनं पापण्या ओढून पाहायला सुरुवात केली. तिच्यामुळे मला चांदणी कळली. चांदणी म्हणजे तिच्याकडची काळी शेळी, कपाळावर पांढरा ठिपका. तिच्या पापण्या भर पावसातही लाल असायच्या. इतर शेळ्या खायच्या तेच गवत ती खायची, तिच्या लेंड्यांत अंडी अगदी तुरळक. जंतांमध्ये जसे वेगवेगळे असतात, तशाच शेळ्यांमध्येही. एखाद्या शेळीचं शरीर जंतांना टिकूच देत नाही. हा गुण तिच्या पिल्लांत उतरू शकतो. उतरेलच असं नाही, अर्धी देणगी बापाची असते. पण शक्यता असते.

"मग हिच्या मागच्या करडांचं काय झालं?" मी विचारलं.

"बकऱ्या विकल्या, दोन ठेवल्या. बोकड तर सगळे ईदेला गेले. लई देखणे व्हते."

"त्यांच्यापासून एकही वेत घेतलं नाही?"

"खच्ची केलेल्यापासून वेत कसं घेणार, बेटा?"

तिथं मला पहिल्यांदा सगळं चित्र दिसलं. ईदेला जनावर निरोगी, निर्दोष लागतं. खच्ची केलेलं चालतं, उलट जास्त पसंत पडतं, कारण ते भरतं आणि त्याला वास येत नाही. म्हणून जे करडू सगळ्यांत तगडं, ते लहानपणीच खच्ची होतं. इंदूबाईंकडं जत्रेला लागणारा बोकडही तसाच पहिल्या नंबरचा. मागं राहतं ते मरतुकडं, ज्याच्यावर मेहनत घ्यावीशी कुणाला वाटली नाही. ते तसंच मोकळं वाढतं आणि गल्लीतल्या सगळ्या शेळ्यांचा बाप होतं. त्या वेळी गल्लीत असाच एक बोकड फिरत होता. पाठीचे मणके मोजावेत असा, पापण्या फिकट.

म्हणजे जंतांमधले सगळ्यांत टणक आपण प्रजेसाठी राखत होतो आणि शेळ्यांमधले सगळ्यांत टणक प्रजेतून काढून टाकत होतो. वर्षानुवर्षं, अगदी मनापासून. यात सणाला दोष द्यावा असं काही नव्हतं. देवाला चांगलं द्यावं, ही भावना मला समजते. पण कुणीतरी, पगार घेणाऱ्या कुणीतरी, इतक्या वर्षांत एकदा येऊन सांगायला हवं होतं की बाबांनो, चांगला बोकड द्या, पण देण्याआधी त्याची पिल्लं घ्या.

चांदणीला त्या हिवाळ्यात दोन करडं झाली होती, दोन्ही नर. मी सलीमचाचांना म्हणाले, ही दोन्ही खच्ची करू नका. ते शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मंचरच्या माणसाला जोडी कबूल केलीये, बेटी. दरवर्षी आमच्याकडून नेतो. खस्सीच लागते त्याला. शब्द दिलाय."

पण चाची म्हणाली, "शब्द तू दिलास. करडं माझ्या बकरीची." विषय तसाच लोंबकळत राहिला.

आणि मग शिबिर आलं. एका संस्थेचं होतं, नाव लिहीत नाही. गल्लीच्या तोंडाशी मोठा फलक लावला: जंतमुक्त वस्ती. टेबल, पांढरं कापड, पाण्याच्या बाटल्या. एकाच ठिकाणी जंतांचं औषध आणि नर करडांचं खच्चीकरण, दोन्ही फुकट. मला डॉक्टरांनी नमुने घ्यायला पाठवलं होतं. गल्लीतल्या सगळ्या शेळ्या रांगेत. औषध कोणतं, म्हणून मी डबा फिरवून मागची अक्षरं वाचली. तेच नाव.

संस्थेचे साहेब भले गृहस्थ दिसत होते. मी जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं की या गल्लीत हे औषध लागू पडत नाही, मी तपासलं आहे. दुसऱ्या जातीचं औषध लागेल, आणि तेही फक्त आजारी शेळ्यांना.

"मॅडम, आपलं उद्दिष्ट शंभर टक्के आहे," ते म्हणाले. "एकही जनावर सुटता कामा नये."

"पण साहेब, एकही सुटलं नाही तर..."

"तुम्ही लेंड्यांचं बघा. पाजायचं आम्ही बघतो."

पंपासारख्या नळीनं ते लहान-मोठ्या सगळ्या शेळ्यांना एकाच मापानं औषध पाजत होते, वेळ वाचावा म्हणून. चांदणीलाही पाजलं. इंदूबाई मला दुरून म्हणाल्या, "बघा मॅडम, शिकल्यालं साहेब बी सगळ्यास्नी पाजत्यात." त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांना मी खरी की साहेब खरे, हे ठरवायला कुणी काही साधन दिलं नव्हतं.

मग खच्ची करणारा माणूस मोठा लोखंडी चिमटा घेऊन बसला आणि त्यानं चांदणीची करडं आणायला सांगितली. एक करडू सलीमचाचांनी स्वतः नेऊन दिलं. ते ओरडलं आणि झालं. दुसरं माझ्या पायाशी होतं. मी ते उचललं आणि चाचीच्या ओट्यावर बसले.

"मॅडम, द्या इकडं."

मी दिलं नाही. करडाचं हृदय माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. साहेब आले. म्हणाले, हे काय चाललंय, तुम्ही डॉक्टरांकडच्या ना, मी फोन करीन. मी मान हलवली. करावा. शिबिराचे फोटो काढणारा संस्थेचा मुलगाही येऊन उभा राहिला, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मोबाइल खिशात घातला. रांगेतल्या बाया माझ्याकडे वळल्या. मला इतक्या लोकांनी एकदम कधी पाहिलं नव्हतं.

सलीमचाचा समोर येऊन उभे राहिले. "बेटी, त्या माणसाला तोंड काय दाखवू?"

उत्तर चाचीनं दिलं. "सांग, एक मेलं."

"खोटं बोलू?"

"मग खरं सांग. की जोडी फोडली, कारण गल्लीला बाप पाहिजे." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "पुढल्या खेपेला ह्याच्या पोटची जोडी नेऊ दे त्याला. खस्सी करून देऊ."

चाचांनी चपलेनं जमीन उकरली. मग खच्ची करणाऱ्याला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. एक ऱ्हाऊ द्या."

शिबिरानंतर ठरल्या वेळी मी पुन्हा लेंड्या नेल्या. अंडी होती तितकीच. तसा अहवाल पाठवला. संस्थेतून फोन आला की नंतरची तपासणी करायला कुणी सांगितलं होतं. पेपरात तोवर गल्लीचा फोटो आला होता, फलकासकट. आमचे डॉक्टर मला एवढंच म्हणाले की आपल्याला त्यांच्याबरोबर पुढंही काम करायचंय. ते वाईट नाहीत. पण ते वाक्य मी विसरणार नाही.

त्या पावसाळ्यात गल्लीतल्या शेळ्या गेल्या. एकदम नाही, एकेक करून. त्या मरतुकड्या बोकडाची पिल्लं आधी गेली. इंदूबाईंच्या दोन गेल्या. भीमाशंकरकडच्या गावांत, जिथं पाऊस थांबतच नाही, तिथूनही पिशव्या येत होत्या आणि काचेवर तेच चित्र दिसत होतं. लागू पडणारी दुसऱ्या जातीची औषधं आहेत, पण थोडी आहेत, आणि संतोषच्या पेटीत आता तीही आली आहेत. तो तीही सगळ्या शेळ्यांना, सरसकट, अर्ध्या मापानं पाजायला सांगतोय. तीही निकामी झाली की पुढं काय, हे त्याला विचारलं तर म्हणतो, कंपन्या आहेत ना मॅडम. नवीन औषध निघायला लागणारी वर्षं आणि जंतांचा वेग यांचा मेळ बसत नाही, हे त्याला कोण सांगणार. मी सांगितलं. त्यानं भाऊ भाऊ करत गाडीला किक मारली.

थंडीत एका सकाळी मी चाचीच्या ओट्यावर होते. करडाचा आता बोकड झाला होता, काळाभोर, मान जाड, पापण्या लाल. इंदूबाई त्यांची उरलेली एकुलती शेळी दाव्याला धरून आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. माजावर आली होती.

"ह्याच्याकडनं लावून घ्यावी म्हनलं," त्या खाली बघून म्हणाल्या.

"मग तितं का हुबी?" चाची म्हणाली. "बांध की इथं."

इंदूबाईंनी शेळी खुंट्याला बांधली. मग मला विचारलं, "मॅडम, ह्याची पिल्लं टिकतील का, कवा कळंल?"

"जन्मतील, एक पावसाळा काढतील, मग. आणि सगळीच टिकतील असं नाही. जी टिकतील त्यांची पुन्हा पिल्लं घ्यायची."

"मंजी वर्स दोन वर्स."

"हो."

"आन जंताला किती लागत्यात? नव्या पिढीला."

"पावसात? महिनाभर."

इंदूबाईंनी बोटांवर हिशेब केला. "मंग आपुन हारल्यालोच की."

"हरायला आधी त्यांच्या विरुद्ध उभं राहावं लागतं, इंदूबाई," मी म्हणाले. घसा कोरडा पडला नव्हता. "आपण अजून त्यांच्याच बाजूनं राबतोय."

कुणी हसलं नाही. चाची उठली आणि तिनं बोकडाचं दावं सोडलं.